निळं झालेलं पातं

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये ऋतू बदललेला डोळ्यांना फारसा दिसत नाही. कंपनीची बस त्याच वेळेला येते, झाडं बरीचशी हिरवीच राहतात, सकाळी घातलेला स्वेटर दुपारी काढावा लागतो तो जूनमध्येही आणि ऑक्टोबरमध्येही. मला ऑक्टोबर कळतो तो आवाजावरून. शनिवारच्या बाजारात, भोपळ्यांच्या ढिगापलीकडे, धार लावणाऱ्या बाईची पांढरी व्हॅन उभी राहू लागते. पुढे थँक्सगिव्हिंगला टर्की कापायची असते, म्हणून घरातल्या सुऱ्या बोथट झाल्याचं लोकांना आत्ता आठवतं. ते सुऱ्या टॉवेलात गुंडाळून आणतात आणि रांगेत उभे राहतात. व्हॅनच्या मागच्या दारात पट्ट्याचं मशीन फिरत असतं. पातं पट्ट्याला टेकलं की आवाज आधी वर चढतो, मग एका सुरात स्थिरावतो, आणि त्याच्या मागून तापलेल्या लोखंडाचा कडवट वास येतो.

मी मेथी घ्यायला गेलेली असते. तरी थांबते. ती बाई प्रत्येक फेरीनंतर पातं पाण्याच्या डब्यात बुडवते की नाही, एवढंच बघते. बुडवते. नेहमीच बुडवते. तरी मी पुढच्या सुरीपर्यंत उभी राहते.

चार वर्षांपूर्वी मी टेक्ससमध्ये होते, फ्रिस्कोला. पहिली नोकरी, नवंकोरं लायसन्स, आणि एका निवृत्त मराठी डॉक्टरांच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली. मधुकाका सर्जन होते. या देशात येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की पुण्याबद्दल बोलताना ते भूतकाळच वापरत. सुमतीकाकूंनी पहिल्या दिवशी चहा करताना विचारलं, नागपूरला कुठे? हा प्रश्न पत्त्याचा नसतो, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. मी वस्तीचं नाव सांगितलं, विहाराचं सांगितलं, बाबा कारखान्यात टर्नर होते आणि चळवळीची पत्रकं लिहीत हेही सांगून टाकलं, म्हणजे पुढचे प्रश्न त्यांना जड जाऊ नयेत. काकू म्हणाल्या, साखर किती घालू? या उत्तराला गुण द्यावेत की कापावेत, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. गुलाबी आणि पिवळा कागद, हाताला लागणारी शाई, आणि घरातल्या दोरीवर ओल्या पत्रकांची रांग. इतर मुलांना राजा-राणी माहीत होते. मला मागण्या माहीत होत्या, क्रमांकासहित. त्यातलं एक पत्रक दरवर्षी निघे. आजोबांच्या गावात मेलेली गुरं ओढून गावाबाहेर टाकायचं काम आमच्या लोकांकडे होतं. कोणी विचारून दिलेलं नव्हतं. जन्मलात की ते तुमचं. एक दिवस आजोबांनी आणि वस्तीतल्या सगळ्यांनी दोर खाली टाकला. गावाने पाणी तोडलं, रस्ता तोडला. आजोबा बायकोमुलांना घेऊन नागपूरला आले. बाबांच्या पत्रकात दरवर्षी शेवटची ओळ तीच असे: माझ्या बापाने टाकलेला दोर माझ्या हातात कधी आला नाही. ही ओळ मला माझ्या रोल नंबरासारखी पाठ होती. आमच्या घरात देव नव्हते, उपास नव्हते, नियम थोडे होते. पण मेलेल्या जनावराला ओढायला हात लावायचा नाही, हा नियम होता आणि तो कधी समजावून सांगावा लागला नाही.

फ्रिस्कोत सप्टेंबर संपेपर्यंत ऊन ओसरत नाही. मग एका सकाळी उत्तरेकडून वारा येतो आणि तासाभरात सगळ्या शहराला जॅकेटं आठवतात. शेजारच्या तेलुगू घराच्या दाराला त्या दिवसांत प्लास्टिकचं आंब्याच्या पानांचं तोरण होतं आणि पुढच्या हिरवळीवर हॅलोविनचा प्लास्टिकचा सांगाडा. दोघेही एकाच वाऱ्याने हलत. तो वारा आला की मधुकाका गॅरेजचं दार वर करत आणि भिंतीवरचं धनुष्य उतरवत. हरणांच्या शिकारीचा हंगाम आधी धनुष्यवाल्यांसाठी उघडतो, बंदूकवाल्यांसाठी नंतर.

काकांना हा नाद हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याने लावला होता. तो सहकारी गेला, नाद राहिला. आमच्या सात पिढ्यांत कोणी उंदीरसुद्धा हाताने मारलेला नाही, असं ते मोठ्या समाधानाने सांगत. पुण्यातल्या चुलतभावांना वाटतं मी वीकेंडला गोल्फ खेळतो, वाटू दे, असंही म्हणत. काकूंनी यावर स्वतःपुरता तह केला होता. गॅरेजमधलं गॅरेजमध्ये. तिथे वेगळा फ्रीझर होता, वेगळी शेगडी होती, वेगळी कढई होती, आणि त्या कढईतला रस्सा खाल्ल्यावर काका घरात येण्याआधी बाहेरच्या नळावर हात धूत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसू आवरलं नाही. घरात सोवळं-ओवळं टिकवून ठेवायला माणूस कुठल्याही खंडात जागा शोधतो. पण पुढचा विचार हसण्यासारखा नव्हता. जे काम माझ्या आजोबांच्या अंगावर शिक्का म्हणून होतं, तेच इथे एका ब्राह्मण सर्जनचा छंद होतं. ते हरणाचं कातडं सोलत आणि शेजारी फोटो मागत. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, बरोबर आहे तुझं. भांडायला तयार होऊन गेलेल्या माणसाला यासारखी अडचण नाही.

बाणाच्या पुढे जे पातं असतं ते कागदावर काढलेल्या बाणाच्या टोकासारखंच असतं: त्रिकोणी, दोन कडांचं, मध्ये जाडसर कणा. काकांच्या अंगठ्यांचे सांधे गेले होते. धनुष्य ओढायला मनगटावर बांधायचा पट्टा मिळतो, तेवढं त्यांना जमे. पण लहानसं पातं दोन बोटांत धरून शंभरदा एकाच कोनात घासणं जमत नसे. त्यांनी मला विचारलं. मी माझी अट आधी सांगितली. धार लावून देईन, तुम्ही एकट्याने गेलेलं काकूंना नको असतं म्हणून गाडीही चालवीन, पण मेलेलं जनावर मी ओढणार नाही. का, ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की ओढायला त्यांच्याकडे दोर आहे, प्लास्टिकची घसरगाडी आहे, त्याची मला काळजी नको.

मग सुरू झाले कानशीचे दिवस. ऑफिसातून आले की गॅरेज. पात्याच्या कडेवर काळ्या मार्करने रेघ ओढायची. कानस फिरवल्यावर शाई कुठे गेली आणि कुठे उरली, त्यावरून आपला कोन चुकतोय का ते कळतं. कानस फक्त पुढे न्यायची, परत ओढायची नाही. मग जाड दगड, मग बारीक दगड, दगडावर दोन थेंब तेल. पलीकडच्या बाजूला नखाला अडकेल अशी बारीक कोर उठली की समजायचं, ही बाजू झाली. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने. बोटांना लोखंडाचा काळपट रंग येतो आणि तो साबणाने जात नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये कीबोर्डवर माझी बोटं कोणा कामगाराची दिसत. मला ते आवडे, आणि ते आवडतंय याचा रागही येई.

परीक्षा रबरबँडची. काका एक रबरबँड दोन खिळ्यांत ताणून बसवत आणि त्यावर पात्याची कड नुसती टेकवायला सांगत. दाबायचं नाही.

"शीर अशीच असते. ताणलेली, गुळगुळीत," ते म्हणाले. "बोथट पातं आलं की ती बाजूला सरकते. मग जनावर तासन्‌तास मरत राहतं. धार असली तर त्याला कळतसुद्धा नाही. रबरबँड कट झाला नाही तर बाण घराबाहेर जाणार नाही."

पंचशीलातलं पहिलं शील, जीवहत्या न करण्याचं, मला पाठ आहे. मटण मी लहानपणापासून खाते. या दोन वाक्यांमधली जागा मी कधी नीट झाडून घेतलेली नव्हती. ती काकांनी एका रबरबँडने दाखवली. माझं लिहिणं, माझी मतं, सगळं मला आवडे ते धारदार म्हणून. धार ही समोरच्यावर केलेली दया असू शकते, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

दोन पाती मी अशी केली. एकेका पात्याला दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्याच्या वेळी माझं डोकं फिरलं. गॅरेजच्या कोपऱ्यात पट्ट्याचं मशीन होतं, काका त्यावर गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत. मी म्हटलं, हे असताना आपण कानस का फिरवतोय? काका म्हणाले, हाताने केलेल्या कामात एक समाधान असतं. बस, एवढंच निमित्त मला पुरलं. हाताच्या कामाचं कौतुक ज्यांना ते कधी करावं लागलं नाही तेच करतात, असं मी त्यांना ऐकवलं. ज्यांच्या पिढ्या हाताने झिजल्या त्यांना यंत्र म्हणजे सुटका वाटते. माझ्या बापाने लेथवर आयुष्य काढलं आणि घरी येऊन कधी म्हटलं नाही की छिन्नी-हातोडा बरा होता. मी अजून बरंच बोलले. ते सगळं खरं होतं. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. फक्त ते त्या पात्याबद्दल नव्हतं.

काका आत जेवायला गेले आणि मी मशीन लावलं. चार मिनिटांत दोन्ही कडा झाल्या. पाण्याचा डबा शेजारी होता. मी तो वापरला, दर फेरीला नाही. पातं उजेडात धरलं तेव्हा टोकापासून बोटभर खालपर्यंत निळी झाक होती, मोराच्या पिसाच्या कडेसारखी.

ती झाक म्हणजे काय, हे न समजण्याची सवलत मला नव्हती. बाबा सुट्टीच्या दिवशी मला कारखान्याच्या गोष्टी सांगत, त्यात हे होतं. पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून, विझवून त्याला कडकपणा आणलेला असतो. घासताना ते पुन्हा तापलं की पाणी उतरतं. दिसायला धार तीच. आतून ते मऊ. निळं झालं की मेलं, असं बाबा म्हणत. मी पातं बारीक दगडावर घेतलं आणि निळा रंग घासून काढला. रंग जायला दहा मिनिटंही लागली नाहीत. काका जेवून आले, त्यांनी रबरबँड ताणला. मी कड टेकवायच्या आतच तो तुटला असं वाटावं, इतक्या सहज तुटला. तिन्ही पात्यांत हेच उत्तम, काका म्हणाले. मशीनचं का? मी हो म्हटलं. जिंकलीस, ते म्हणाले, आणि तो बाण त्यांनी भात्यात पहिल्या जागी ठेवला.

त्या वेळी सांगता आलं असतं. नंतरही चार दिवस होते. मी त्या चार दिवसांत ऑफिसातल्या एका माणसाशी खरं बोलण्याच्या जबाबदारीवर वाद घातल्याचं मला आठवतं.

ज्या रानात काकांनी शिकारीपुरती जागा भाड्याने घेतली होती ते फ्रिस्कोपासून दोन तासांवर, उत्तरेला. शनिवारी पहाटे निघालो. काकूंनी थर्मासमध्ये चहा दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की काकांच्या हृदयात स्टेंट आहे, ते विसरतात, तू विसरू नकोस. रानात पोचलो तेव्हा फटफटत होतं. गवत वाळून पिवळं झालेलं, त्यावर दव, आणि बुटांखाली मेस्कीटच्या काटेरी झाडांच्या शेंगा मोडल्याचा आवाज. आम्ही एका छोट्या तंबूत बसलो. दीड तास कोणी बोललं नाही. मला आधी कधी इतका वेळ गप्प बसल्याचं आठवत नाही.

हरणाची एक मादी आली. काकांनी धनुष्य ओढलं, श्वास सोडला, बाण गेला. आवाज झाला तो लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. मादी उधळली आणि झुडपांत नाहीशी झाली. काकांनी घड्याळ पाहिलं. लगेच मागे जायचं नसतं, अर्धा तास थांबायचं असतं. पाठलाग केला की जखमी जनावर आणखी पळतं. तो अर्धा तास ते अगदी स्थिर बसले होते, ऑपरेशनच्या आधी बसत असतील तसे.

बाण वीस पावलांवर गवतात पडला होता. आरपार गेला नव्हता; बरगडीवर आपटून, थोडासाच शिरून, बाहेर गळून पडला होता. काकांनी खिशातून भिंग काढलं. पात्याची कड टोकाकडे दुमडली होती, पुस्तकाचं पान दुमडावं तशी.

"हे तापलं होतं," ते म्हणाले.

मी सांगितलं. निळं झालं होतं, मला कळलं होतं, मी घासून काढलं.

"मला सांगितलं असतंस तर मी दुसरा बाण लावला असता," काका म्हणाले. आवाज चढला नाही. "एवढंच करायचं होतं."

मग आम्ही रक्त शोधत निघालो. एक थेंब, दहा पावलं, एक थेंब. काका प्रत्येक थेंबापाशी मला उभं करत आणि स्वतः पुढचा शोधत, म्हणजे शेवटची खूण हरवू नये. कुठे गवताच्या पात्यावर चुकून लागल्यासारखा डाग, कुठे काहीच नाही. तीन तास. ऊन वर चढलं. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मी दर पाच मिनिटांनी त्यांना बसा म्हणत होते. ते बसत नव्हते. शेवटी एका कोरड्या ओढ्यात ती सापडली. बसली होती. मान वर होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उठले, मागचे नाही. काकांनी दुसरा बाण लावला. त्याचं पातं मी हाताने, दगडावर घासलेलं होतं. त्याला वेळ लागला नाही.

ओढ्याचा काठ पुरुषभर उंच होता. गाडी अर्ध्या मैलावर. टेक्ससच्या दुपारी मांस पटकन नासतं आणि नासलं तर हे मारणंही वाया जातं, हे मला काकांच्या घाईवरून कळलं. त्यांनी परवान्याचा कागद मादीच्या पायाला बांधला आणि दोर, घसरगाडी आणायला निघाले. मी जाते म्हटलं. पण पत्र्याच्या फाटकापर्यंत गाडी आणायची होती आणि त्या फाटकाची कुलपं त्यांनाच माहीत होती.

"तू हात लावू नकोस," जाताना ते म्हणाले. "तुझं ठरलेलं आहे. मी येऊन बघतो."

ते गेले. मी त्या मादीशेजारी बसले. तिच्या कानात आतून बारीक पांढरे केस होते. एक माशी आली, मग तीन. चौऱ्याहत्तर वर्षांचा, स्टेंटवाला, अंगठे गेलेला माणूस परत येणार आणि हे ओझं काठावर चढवणार, कारण त्याने मला शब्द दिला होता. माझ्या नियमाची किंमत तो देणार होता आणि माझ्या चुकीचीही तोच. मी बाबांचं पत्रक मनात पहिल्या ओळीपासून म्हणून पाहिलं. त्यात लिहिलं होतं की हे काम आमच्यावर जन्माने लादलं गेलं. हे माझ्यावर कोणी लादलं नव्हतं. हे मी गॅरेजमध्ये चार मिनिटांत स्वतः तयार केलं होतं.

मी मागचे पाय धरले आणि ओढायला लागले. ती इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. वीतभर सरके आणि अडके. केस उभे राहून प्रत्येक काडीत, प्रत्येक मुळात गुंतत. डोकं एकदा या बाजूला जाई, एकदा त्या. काठ चढताना मी दोनदा तिच्यासकट खाली आले. तिसऱ्यांदा बसून, टाचा रोवून, पाठीवर मागे मागे सरकत तिला वर घेतलं. मग झाडाच्या सावलीत नेलं. तळहात सोलले होते. मला थोर वाटलं नाही, हीनही वाटलं नाही. तहान लागली होती.

काका आले, त्यांनी ओढ्यातून वर आलेली घसटीची खूण पाहिली, मला पाहिलं. पाणी पी, म्हणाले. बाटलीचं झाकण त्यांना उघडेना, ते मी उघडलं. घरी पोचल्यावर काकूंनी माझे हात पाहिले आणि मला गॅरेजच्या नळावर न नेता थेट स्वयंपाकघरात सिंकपाशी नेलं. हळद लावली.

रविवारी सकाळी, म्हणजे नागपूरला रात्रीच्या जेवणाच्या वेळी, बाबांना फोन करायचा आमचा नेम होता. मी सगळं सांगितलं. मशीन, निळा रंग, चार दिवस गप्प बसणं, ती मादी, ओढा, आणि मी तिला ओढलं हे. बाबांशी मी आयुष्यभर वाद घालत आले आहे, पण त्या दिवशी वाद तयार करून ठेवलेला होता, मुद्द्यांसहित. जन्माने आलेलं काम आणि स्वतःच्या हाताने ओढवलेलं काम, यांतला फरक मी त्यांना समजावणार होते. पलीकडून शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"कशाला धरून ओढलंस?" बाबांनी विचारलं.

"मागच्या पायांना."

"म्हणून जड गेलं. मागून नाही ओढायचं. केस उलटे फिरतात, काडीकाडीला अडकतात. डोक्याकडून घ्यायचं. आधी पुढचे पाय मानेशी बांधायचे, म्हणजे लोळत नाही."

लेथवर हत्यार कसं बसवायचं ते सांगावं, तशा आवाजात ते हे सांगत होते. दरवर्षीच्या पत्रकाची शेवटची ओळ, दोर हातात कधी न आल्याची, मला शब्दन्‌ शब्द पाठ होती. मी ती म्हणाले नाही.

"हात सोलले असतील," ते म्हणाले.

"हो. फोड आलेत."

"ते फोडू नकोस. चौथ्या दिवशी आपोआप बसतात."